खोल ताज्या बर्फासाठी स्त्रियांची रुंद स्की कशी निवडावी

पावडर म्हणजे नुकताच पडलेला, न दाबलेला मऊ बर्फ. त्यासाठीच्या पावडर स्कीच्या माहितीत सगळ्यात ठळक छापलेले असतात ते तीन आकडे. उदाहरणार्थ १३८-११२-१२८. पहिला पुढच्या टोकाची रुंदी सांगतो, दुसरा बुटाखालच्या भागाची म्हणजे कंबरेची आणि तिसरा शेपटीची. तिन्ही मिलिमीटरमध्ये. विकत घेणारीची नजर मधल्या आकड्यावर खिळते आणि "बर्फ खोल आहे ना, मग जितकी रुंद तितकी चांगली" असा हिशेब होऊन जातो. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. रुंदी लागतेच, पण ती किती लागते हे मुख्यतः तुमच्या वजनावर ठरतं. आणि पुरेशी रुंदी मिळाल्यावर स्की कशी वागेल हे तिच्या टोकाच्या उठावावर, लवचिकपणावर आणि बूट तिच्यावर नेमका कुठे बसतो यावर अवलंबून असतं.

आधी ढोबळ पट्टे. मशीनने दाबलेल्या कडक उतारांसाठीच्या स्कीची कंबर साधारण ६५ ते ८० मिलिमीटर असते. सगळीकडे चालणाऱ्या स्की ८५ ते १००च्या दरम्यान येतात. १०५च्या पुढे पावडरचं राज्य सुरू होतं. स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडर स्की बहुतेक १०४ ते ११५मध्ये सापडतात. नावातला आकडा मात्र तपासून घ्यावा. लाइन कंपनीच्या पँडोरा ११० मध्ये तो थेट कंबरेची रुंदी सांगतो, तर ब्लिझार्ड कंपनीच्या शीवा ११ ची कंबर ११२ मिलिमीटर असते.

तरंगण्याचं गणित

नुकताच पडलेला कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. पाणी भरतं १,००० किलो. म्हणजे ज्यावर आपण उभं राहायचं म्हणतो त्यात साधारण नऊ दशांश किंवा त्याहून जास्त हवाच असते. नुसत्या बुटांनी त्यात पाय टाकला तर मांडीपर्यंत जातो, कारण सगळं वजन दोन तळव्यांएवढ्या जागेवर येतं. स्की ते वजन पसरवते. किती पसरवते ते मोजता येतं.

६० किलो वजनाची स्त्री धरू. बूट, स्की, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा), कपडे आणि पाठीवरची छोटी सॅक मिळून आणखी १० किलो. १६५ सेंटीमीटर लांब आणि ८५ मिलिमीटर कंबरेच्या जोडीचा तळ साधारण ३,०७० चौरस सेंटीमीटर भरतो. ७० किलो त्यावर वाटले की दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २३ ग्रॅम भार येतो. तीच स्त्री १७२ सेंटीमीटरच्या, १३८-११२-१२८ मापाच्या जोडीवर उभी राहिली की तळ ३,९७०च्या आसपास जातो आणि भार साडेसतरा ग्रॅमच्या घरात उतरतो. फरक मोठा आहे, पायाला लगेच जाणवतो.

आता ९० किलोचा पुरुष घ्या. सामानासह १०० किलो. त्याच्याकडे १८४ सेंटीमीटरची, ११५ कंबरेची भारीतली पावडर स्की आहे. तिचा तळ जोडीने ४,३७०च्या आसपास. भागाकार केला की पुन्हा २३ ग्रॅमच येतात! त्याला एवढ्या मोठ्या स्कीवर जो आधार मिळतो, तो तिला ८५च्या साध्या स्कीवरच जवळपास मिळालेला असतो. म्हणून सोबतच्या पुरुषांच्या पायात १२०ची स्की दिसते, म्हणून आपल्यालाही तेवढीच हवी, हे गणितात बसत नाही. त्याच हिशेबाने ५० किलोच्या स्त्रीला १००च्या आसपासच्या कंबरेवर तेवढं तरंगणं मिळतं, जेवढं ६० किलोच्या स्त्रीला ११२वर.

या गणितात वेग धरलेला नाही, आणि वेगाचा वाटा मोठा आहे. स्की पुढे सरकते तेव्हा खालचा बर्फ तिला वर ढकलतो आणि वेग वाढला की हा रेटाही वाढतो. उतार सौम्य असेल किंवा झाडांमधून हळूहळू उतरायची सवय असेल, तर थोडी जास्त रुंदी घेणं शहाणपणाचं. वेगाने मोठी वळणं घेणारीला तेवढी गरज पडत नाही. बर्फ ओला असेल तर घनता १५० किंवा त्याहून पुढे जाते. अशा बर्फात बुडण्यापेक्षा अडकण्याचा त्रास जास्त, आणि तिथे रुंदीपेक्षा टोकाचा आकार कामी येतो.

हे सगळं धरून आमचा सल्ला असा: वजन ५०च्या खाली असेल तर ९८ ते १०४, ५० ते ६५ असेल तर १०४ ते ११२, आणि ६५च्या वर १०८ ते ११६, सोबत लांबीही वाढवायची. जिथे हिवाळ्यात फक्त अधूनमधून खोल बर्फ मिळतो आणि एकच जोडी ठेवायची आहे, तिथे आपल्या पट्ट्यातला खालचा आकडा धरावा.

मग १२० घेतली तर काय बिघडतं?

स्की बुटाचा तळ साधारण ७० मिलिमीटर रुंद असतो. ७०च्या स्कीची धातूची कडा म्हणजे बरोबर बुटाच्या कडेखाली येते. ११२च्या स्कीत ती मध्यरेषेपासून ५६ मिलिमीटर दूर, म्हणजे बुटाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर बाहेर जाते. कडक बर्फावर स्की कलंडवून कडेवर उभं राहिलं की बर्फाचा सगळा उलटा रेटा त्या बाहेर गेलेल्या कडेवर येतो आणि स्कीला पुन्हा सपाट पाडू पाहतो. त्याला अडवतात घोटा, गुडघा आणि मांडी. जितकी कडा दूर, तितकी ती तरफ लांब. दिवसाच्या शेवटी गुडघ्याच्या आतल्या बाजूला जो शीण येतो तो बहुतेक वेळा इथला असतो. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला स्कीला जास्त अंतर फिरावं लागतं, त्यामुळे छोटी झटपट वळणं जड होतात.

खोल बर्फात ही अडचण नसते, कारण तिथे आधार कडेवर न येता अख्ख्या तळावर येतो. पण पावडरचा दिवस म्हणजे पूर्ण दिवस पावडर, असं सहसा होत नाही. खाली लिफ्टपर्यंत यायला दाबलेली उतरण असते, दुपारपर्यंत वरचा बर्फ सगळ्यांनी तुडवलेला असतो, आणि सावलीच्या बाजूला वाऱ्याने घट्ट केलेले पट्टे लागतात. या सगळ्यातून तीच स्की न्यायची आहे. हलक्या अंगाच्या स्त्रीला ११८ किंवा १२०ची रुंदी तरंगण्यासाठी जवळजवळ काहीच जास्तीचं देत नाही, त्रास मात्र पुरेपूर देते.

टोक आणि शेपटी यांतला फरक

तीन आकड्यांपैकी पहिल्यातून तिसरा वजा करून पाहावा. १३८ मधून १२८ गेले, उरले १० मिलिमीटर. टोक शेपटीपेक्षा जितकं जास्त रुंद, तितकी शेपटी बर्फात थोडी खाली बसते आणि टोक आपोआप वर राहतं. के२ कंपनीच्या २००६ सालच्या पाँटून या स्कीने हे टोकाला नेलं होतं. मापं १६०-१३०-१२०, म्हणजे शेपटी कंबरेपेक्षाही अरुंद. खोल बर्फात ती मागे वजन न टाकताही वर राहायची, कडक बर्फावर मात्र शेपटीची पकड जेमतेम. आजच्या स्त्रियांच्या पावडर स्कीत हा फरक साधारण १० ते १८ मिलिमीटर असतो आणि तेवढा पुरतो.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, स्की हातात घेतल्यावर दिसते. जुन्या घडणीत टोकाची सगळ्यात रुंद जागा अगदी पुढे असायची. आता ती १० ते १५ सेंटीमीटर मागे घेतलेली असते आणि तिच्यापुढे टोक पुन्हा निमुळतं होतं. याचा फायदा ओल्या किंवा तुडवलेल्या बर्फात कळतो. टोक रुंद आणि बोथट असेल तर ते बर्फात रुतून स्कीला अचानक आत खेचतं. निमुळतं टोक सुटून बाहेर येतं.

साइडकटची, म्हणजे स्कीच्या कडेच्या आतल्या बाकाची, वळणत्रिज्या पावडर स्कीत १५ ते १९ मीटरच्या आसपास ठीक. १३-१४ मीटरची स्की कडक उतारावर गोड वाटते, पण खोल बर्फात तिला सरळ जाऊ दिलं तर ती डावी-उजवी करत राहते.

रॉकर: खोल बर्फातला खरा फरक

जमिनीवर ठेवलेली साधी स्की मध्ये किंचित उचललेली असते आणि टोक-शेपटीजवळ टेकते. हा कॅम्बर. वजन पडलं की तो दबतो आणि कडा पूर्ण लांबीभर बर्फाला भिडते. कडक बर्फावर हेच हवं असतं. खोल बर्फात मात्र सपाट टोक पुढच्या बर्फाखाली शिरायला बघतं. म्हणून टोक बऱ्याच आधीपासून वर उचललेलं ठेवायचं, होडीच्या नाळेसारखं. हा रॉकर.

ही कल्पना रुळवण्याचं बरंचसं श्रेय शेन मॅककॉन्की या स्कीपटूला जातं. पाण्यावरच्या स्कीकडे बघून त्याने बर्फासाठी उलट्या बाकाची, मध्ये सगळ्यात रुंद अशी स्की कल्पिली आणि २००२ मध्ये व्होलांट कंपनीने ती स्पॅट्युला या नावाने बाजारात आणली. कंबर १२५ मिलिमीटर. खोल बर्फात अफाट, कडक बर्फावर नियंत्रण जवळजवळ शून्य. आज कोणी तशी स्की रोजच्या वापराला घेत नाही, पण प्रत्येक पावडर स्कीचं उचललेलं टोक तिथूनच आलं आहे.

आता बहुतेक स्कींमध्ये तडजोड असते: टोकाला रॉकर, बुटाखाली थोडा कॅम्बर, शेपटीला कमी रॉकर. माहितीत "रॉकर-कॅम्बर-रॉकर" एवढंच लिहिलेलं असतं आणि दोन अगदी वेगळ्या स्कींवर तेच शब्द असतात. तेव्हा स्वतः मोजावं. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. हलक्या हाताने धरल्यावर कंबरेपाशी काही मिलिमीटरची फट दिसली तर कॅम्बर आहे. आता कंबरेपाशी पंजाने घट्ट दाबून ती फट मिटवा. टोकाच्या बाजूने एक जाड कागद, पोस्टकार्डाइतका, दोन तळांच्या मध्ये सोडा आणि खाली सरकवत न्या. जिथे तो अडतो तिथून टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजा. शेपटीकडूनही तसंच. १७२ सेंटीमीटरच्या पावडर स्कीत टोकाकडे ४५ ते ५० आणि शेपटीकडे २५ ते ३५ सेंटीमीटर मिळालं तर मामला खोल बर्फाचा आहे. टोकाकडे ३० सेंटीमीटरच भरलं, तर रुंदी काहीही असो, ती मूळची दाबलेल्या उताराची स्की आहे.

हे करताना उठावाची चालही बघावी. काही स्कींत टोक हळूहळू, लांबवर उठत जातं. काहींत शेवटच्या थोड्या अंतरात झपकन वर जातं. हळू उठणारं टोक खोल बर्फात गुळगुळीत चालतं. झपकन उठणारं टोक बर्फ समोर ढकलत राहतं आणि वेग खातं.

शेपटीचा रॉकर किती हवा, हा आवडीचा भाग आहे. जास्त असेल तर शेपटी सहज सरकते, झाडांमध्ये वळण कापता कापता आडवं घसरून वेग मारता येतो. कमी असेल तर वळणाच्या शेवटी टेकायला आधार मिळतो आणि उडी मारून उतरताना मागे कोलमडणं टळतं. पूर्ण वळलेली, टोकासारखीच शेपटी उलटं सरकणाऱ्यांसाठी असते. ज्यांना ते करायचं नाही त्यांनी तिच्यासाठी लांबी वाया घालवू नये.

"स्त्रियांची" म्हणजे नेमकं काय वेगळं?

इथे कंपन्या एकसारख्या वागत नाहीत. काहींची स्त्रियांची स्की म्हणजे सामायिक (स्त्री-पुरुष दोघांसाठीच्या) स्कीचाच साचा, वर वेगळं चित्र आणि लांबी जरा कमी. डीपीएस कंपनीची स्त्रियांची यवेट ११२ ही त्यांच्या सामायिक वेलर ११२च्याच आकाराची होती. काही कंपन्या आकार तोच ठेवून आतला लाकडी गाभा हलका करतात, धातूचा पत्रा पातळ करतात किंवा काढून टाकतात. काही मुळापासून वेगळी स्की घडवतात. लेबलावरून यातलं काहीच कळत नाही. त्यासाठी दोन्ही आवृत्त्यांचं एकाच लांबीतलं वजन, गाभ्याचं वर्णन आणि बाइंडिंगची शिफारस केलेली रेषा शेजारी ठेवून बघावी लागते.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. अनेक स्त्रियांच्या स्कीत बाइंडिंगची जागा एक-दोन सेंटीमीटर पुढे असते. यामागचं म्हणणं असं की स्त्रियांचा वजनाचा मध्य खाली आणि किंचित मागे असतो, पायही लहान असतो, त्यामुळे स्कीच्या पुढच्या भागावर दाब टाकणं अवघड जातं. स्त्रियांच्या स्की-सामानावर काम केलेल्या अमेरिकेतल्या जीनी थोरेन यांनी हा विचार लावून धरला आणि कडक उतारावर त्याचा उपयोग अनेकींना झालाही. पण खोल बर्फात हिशेब उलटतो. बूट पुढे सरकला की समोरच्या टोकाची लांबी कमी होते, त्यावर भार वाढतो आणि टोक बुडायला लागतं. मग ते वर ठेवायला मागे झुकावं लागतं, आणि मागे झुकलं की मांड्या दोन उतारांत पेटतात. म्हणून पावडर स्कीवर सरसकट पुढे बसवलेली बाइंडिंग आम्हाला पटत नाही. स्की कंपनीने आखलेल्या रेषेवरच बसवावी. शंका असेल तर एक सेंटीमीटर मागे, त्याहून जास्त नको.

लेबल सोडून द्यायची वेळ कधी येते, तेही सांगितलं पाहिजे. स्त्रियांच्या बऱ्याच पावडर स्कीची सगळ्यात मोठी लांबी १७२ ते १८०च्या दरम्यान संपते. उंच, वजनदार किंवा जोरकस स्की करणारीने सरळ सामायिक स्की घ्यावी. उलट ४५ किलोच्या मुलीला सामायिक स्कीची सगळ्यात छोटी लांबीही वाकवता येणार नाही. तिच्यासाठी हलका गाभा खरोखर उपयोगाचा.

लवचिकपणा, गाभा आणि वजन

खोल बर्फात स्की वाकते ती खालून येणाऱ्या रेट्याने. वाकलेली स्की वळते, न वाकलेली सरळ निघते. त्यामुळे हलक्या अंगाच्या स्त्रीला कडक स्की वेगाशिवाय वळतच नाही. फार मऊ असेल तर उलटी अडचण: ताजा बर्फ मस्त, पण तुडवलेल्या बर्फाच्या ढेकळावर टोक दुमडल्यासारखं होऊन पाय अडखळतो. हवं ते असं, की टोक मऊ, बुटाखालचा भाग भक्कम आणि शेपटी टोकापेक्षा थोडी कडक. दुकानात शेपटी जमिनीवर टेकवून एका हाताने टोक धरायचं आणि दुसऱ्या हाताने मधे ढकलायचं. टोकापासूनचा तिसरा भाग सहज वाकावा आणि कंबर जवळजवळ हलू नये. एकटी स्की अशी तपासून फार काही कळत नाही, दोन-तीन वेगवेगळ्या शेजारी तपासल्या की लगेच कळतं.

गाभ्याला पॉपलर, ॲस्पन, बीच, ॲश, पाउलोनिया अशी लाकडं वापरतात. पाउलोनिया फार हलकं, पण स्क्रू धरून ठेवायला कमजोर. त्यामुळे बाइंडिंगखाली घट्ट लाकूड किंवा मजबुतीचा थर घातलेला असला पाहिजे. त्यावर फायबरग्लास, कधी कार्बन, कधी टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा. पत्रा कंपनं मारतो आणि वजन वाढवतो.

१७०च्या आसपासच्या लांबीत एका स्कीचं वजन १,६०० ते १,९०० ग्रॅम असेल तर लिफ्टने वर जाणाऱ्यांसाठी ठीक. स्कीच्या तळाला चामडी (मागे न घसरू देणाऱ्या पट्ट्या) लावून पायी चढणाऱ्यांना १,३०० ते १,५००चीच परवडते. पण हलकी म्हणजे चांगली, असं धरू नये. दुपारच्या तुडवलेल्या बर्फात १,३५० ग्रॅमची स्की प्रत्येक ढेकळावर उडते, तिथे १,८००ची सरळ कापत जाते.

लांबी

टोकाचा आणि शेपटीचा रॉकर बर्फाला कडक उतारावर टेकतच नाही. १७२च्या स्कीत टेकणारी लांबी ९०-१०० सेंटीमीटरच उरते. म्हणून रॉकरवाली स्की हातात लांब दिसते, पायाखाली छोटी वाटते. साध्या स्कीत हनुवटी-नाकापर्यंतची लांबी घेणारीने पावडर स्की कपाळ ते डोक्याच्या उंचीपर्यंत घ्यावी. चांगलं स्की करणारीने डोक्याच्या वर पाच-सात सेंटीमीटर जायला हरकत नाही. दाट झाडांमध्ये उतरणारीने खालची लांबी निवडावी. दोन लांब्यांमध्ये अडकलात तर वजन निर्णायक: जास्त असेल तर लांब, कमी असेल तर आखूड. छापलेली लांबी कंपनीगणिक दोन-तीन सेंटीमीटर इकडे-तिकडे भरते, कारण कोणी सरळ टेप लावतं तर कोणी टोकाच्या बाकावरून.

बाइंडिंग बसवताना

बाइंडिंगचा ब्रेक, म्हणजे सुटलेली स्की थांबवणारे दांडे, स्कीच्या कंबरेपेक्षा रुंद लागतो, पण १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. ११२ला ११५ किंवा १२०चा ब्रेक बरोबर. १००चा ब्रेक वाकवून घालण्याचा उद्योग करू नये, तो स्कीच्या बाजूला घासतो आणि पडल्यावर उघडतच नाही. १३०चा लावला तर कलंडताना तो बर्फाला लागतो किंवा दुसऱ्या स्कीत अडकतो.

बाइंडिंग किती जोराने सुटावी हे ठरवणारा आकडा, ज्याला सगळे डिन म्हणतात, तो आयएसओ ११०८८ या मानकाच्या तक्त्यावरून काढतात. त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत धरतात. ६० किलोच्या आसपासच्या बहुतेक स्त्रियांचा आकडा १०च्या बराच खाली येतो. तेव्हा ६ किंवा ८पासून सुरू होणारी भारी बाइंडिंग दिसायला कितीही दणकट असली तरी तिचा उपयोग नाही. आपला आकडा तिच्या पट्टीच्या मधल्या भागात यायला हवा. बुटाचा तळ कोणत्या प्रकारचा आहे, साधा, ग्रिपवॉक (चालायला सोपा, पकडीचा) की चढाईचा, तेही बाइंडिंगशी जुळवून घ्यावं. न जुळणारा तळ आत बसतो, पण वेळेवर सुटत नाही.

छिद्र पाडण्याचं माप बहुतेक स्कीवरच छापलेलं असतं. पत्रा असलेल्या स्कीला बहुधा ४.१ मिलिमीटर, नसलेल्या स्कीला ३.५ मिलिमीटर व्यासाचं छिद्र, खोली ९ मिलिमीटर. पत्र्याच्या स्कीत ३.५चं छिद्र पाडून स्क्रू रेटला तर वरचा थर फुगून येतो. छिद्रात गोंद घालूनच स्क्रू फिरवायचा, नाहीतर पाणी झिरपून गाभा कुजतो. जुन्या स्कीवर नव्याने बाइंडिंग बसवताना जुन्या आणि नव्या छिद्रांच्या केंद्रांत किमान एक सेंटीमीटर अंतर हवं. जुनी जोडी विकत घेताना म्हणूनच आधी छिद्रं मोजायची, मग कडांना भेगा आणि थर सुटलेत का ते बघायचं. तळावरच्या किरकोळ ओरखड्यांची चिंता नको, ते भरून निघतात.

बर्फात उतरल्यावर

टोक सारखं बुडत असेल तर स्कीला दोष देण्याआधी उभं राहणं तपासा. एका पायावर जास्त वजन टाकून वळायची दाबलेल्या उतारावरची सवय इथे नडते. भार आलेली स्की बुडते, मोकळी वर राहते आणि दोन्ही वेगळ्या दिशेला जातात. दोन्हींवर सारखं वजन, पाय कमरेएवढ्या अंतरावर, नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला हलक्या टेकलेल्या. तरीही टोक बुडालं तर बाइंडिंग एक सेंटीमीटर मागे घ्या. स्की सरकतच नसेल तर मेण चुकलंय: थंड कोरड्या बर्फाला कडक मेण लागतं, ओल्याला मऊ. वळणाच्या शेवटी शेपटी अडकत असेल, तर शेपटीकडच्या पाच-सात सेंटीमीटर कडेची धार रबरी दगडाने किंचित मोडावी. जास्त नको, मोडलेली धार परत आणायला बरीच कड खरवडावी लागते.

रुंद स्की मिळाली की लोक स्की-क्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या दोऱ्यांबाहेरच्या खोल उतारांवर जायला लागतात. तीस अंशांहून तीव्र उतारावर हिमस्खलनाचा प्रश्न येतो आणि त्यासाठी ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरता येणारा जोडीदार, चारही लागतात. झाडाच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाचा जो खोल खड्डा असतो, त्यापासून लांबच राहायचं. त्यात डोक्यावर पडलेल्याला स्वतःहून क्वचितच बाहेर येता येतं.

पडल्यावर सुटलेली स्की खोल बर्फात नाहीशी होते. त्यासाठी दीड-दोन मीटरची भडक रंगाची फीत बाइंडिंगला बांधून तिचं मोकळं टोक पँटच्या पायात खोचतात. फीत पायाला बांधायची नाही, कारण स्खलनात पायाला जोडलेली स्की माणसाला खाली ओढते. फीत नसेल तर स्की सुटली त्या जागेपासून शोध सुरू करा. ती बहुतेक वेळा तुम्ही थांबलात त्याच्या वरच्या बाजूला, सुटल्याच्या जागेजवळच, बर्फाखाली असते. दुसऱ्या स्कीची शेपटी किंवा काठी उताराला आडवी, हातभर अंतराने खुपसत वर जायचं. सापडली की पुन्हा घालताना उतारावर पाय ठेवण्यापुरता ओटा तुडवून घ्या, बुटाच्या तळाचा आणि बाइंडिंगच्या टाचेतला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढा आणि मगच टाच दाबा. तळाखाली बर्फाचा पातळ थर जरी राहिला तरी बाइंडिंग लागल्यासारखी वाटते आणि पुढच्याच वळणाला सुटते.